बिनबांगड्यांची सिस्टर

मला ती बाई आवडायची नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या तोंडून तिचं कौतुक निघालं तर कोणी मला भोळी समजायला नको. सात वर्षांची माझी पोर तिच्याकडे बघून हसायची आणि माझ्याकडे बघून नुसती बघायची. अशी बाई कोणाला आवडेल, सांगा.

सगळे तिला सिस्टर म्हणायचे. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि रिटायर झाल्यावर गप्प बसायचं सोडून नंदुरबारच्या बाहेरच्या त्या घरात येऊन राहिली होती. ते घर एका शेटजींनी दिलेल्या जागेत होतं. चार खोल्या, पुढे ओटा, मागे शेवग्याचं झाड. पाटीवर ट्रस्टचं लांबलचक नाव होतं, ते कोणी वाचत नसे. लोक विसाव्याचं घर म्हणायचे. ज्या मुलांबद्दल मोठ्या डॉक्टरांनी 'आता घरीच ठेवा, जपा' असं सांगून हात टेकलेत, अशी मुलं तिथे राहायची. कायमची नाही. चार दिवस, फार तर आठ. तेवढ्यात आईबापाने झोप काढायची, राहिलेलं लग्नकार्य करायचं, स्वतःचं दुखणंखुपणं दाखवून घ्यायचं, आणि मग येऊन आपलं मूल घेऊन जायचं. दोन महिन्यांनी वाटलं तर पुन्हा आणायचं. आठवड्यातून दोनदा डॉक्टर यायचे, बाकी सगळा कारभार सिस्टरचा.

आणि कारभार तरी कसा. नऊवारी नाही, पाचवारी नाही, कशीतरी गुंडाळलेली साडी, तिच्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. आमच्याकडे कापूस वेचायला जाताना बायका घालतात तसा. शर्टाच्या एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात फुटाणे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ती चार फुटाणे ठेवायची, मग तो डॉक्टर असो की गॅसवाला. हातात मात्र काही नाही. काचेची सोडा, प्लॅस्टिकचीसुद्धा बांगडी नाही. ते दोन उघडे, कोरडे हात बघून पहिल्याच दिवशी माझ्या मनात आलं, ही काय माझ्या पोरीला सांभाळणार.

ती काठी गावाकडची, सातपुड्यातली. घरची बोली वेगळी, मराठी शाळेत शिकलेली. त्यामुळे ती पुस्तकातल्यासारखं बोलायची. 'कृपया' आणि 'तथापि' हे शब्द मी जिवंत माणसाच्या तोंडून पहिल्यांदा तिच्याकडेच ऐकले. कुंपणातून बकरी आत आली तर ती म्हणायची, 'कृपया बाहेर जा.' बकरी जायची नाही. मग ती शर्टाच्या बाह्या वर करून बकरीला उचलूनच बाहेर ठेवायची आणि तिच्यापुढेही चार फुटाणे टाकायची.

गुड्डीबद्दल सांगते. सुरतच्या डॉक्टरांनी तिच्या आजाराचं नाव एका कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी पुष्कळदा वाचला, पण ते नाव मला कधी धड म्हणता आलं नाही. मान धरत नव्हती, बोलत नव्हती. आकडी यायची, छातीत कफ भरायचा आणि तो मशीनने काढावा लागायचा. गिळायला त्रास. पण डोळे असे की घरात कोण आलं, कोण गेलं, सगळं कळायचं. सहा वर्षं मी सलग दोन तासांच्या वर झोपले नव्हते. मला त्याचा अभिमान होता, खरं सांगते. शेजारणी म्हणायच्या, तुझ्यासारखी आई नाही, आणि मी ते ऐकून पुन्हा कंबर कसायची.

मग एक दिवस कळलं की माझी मोठी लेक, आठवीतली, शहाणी झाली. आणि ते तिने मला नाही, मैत्रिणीच्या आईला सांगितलं. का, तर 'तू मशीन लावी ऱ्हायनी व्हतीस, माय.' मी मशीन लावत होते. तीन दिवस मी मशीनच लावत होते म्हणे. त्यानंतर आमच्या ह्यांनी त्या घराचा पत्ता काढला. हे दूध डेअरीत कामाला, बोलणं कमी. फक्त म्हणाले, 'एक दाव जाई पाहू.'

सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, 'पोरले आश्रममा टाकी ऱ्हायनी का व?' आणि मग, 'मना जीव शे तवलगून पोर घरमाच ऱ्हाई.' मला त्यांचा राग यायला हवा होता. पण आतून मी त्यांच्याच बाजूची होते.

तिथला नियम असा होता की पहिला पूर्ण दिवस आईने थांबायचं आणि शिकवायचं. सिस्टर पाटावर बसली, मांडीवर एक कोरी वही घेतली आणि म्हणाली, 'मला काहीच येत नाही असं समजा. तुमच्या मुलीचं सगळं मला शिकवा.' मला वाटलं थट्टा करते. तीस वर्षं नर्स असलेली बाई, आणि मी रनाळ्याची बारावी पास. पण ती थट्टा नव्हती. कूस कशी बदलायची ते मी दाखवलं, तिने करून पाहिलं, मी म्हटलं, 'असं नाही,' आणि तिने पुन्हा केलं. वहीत लिहिलं, 'डावा हात आधी, मग मान.' मी सांगितलं की कफ भरला की ही नाकाने बारीक शिट्टीसारखा आवाज करते. तिने लिहिलं. मी सांगितलं, हिला पंख्याचा वारा पायावर चालतो, तोंडावर नाही. तिने तेही लिहिलं. सहा वर्षांत माझं एवढं कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

तिने अहिराणीसुद्धा शिकून घेतली, गुड्डीला कळतं तेवढी. 'झोपवताना तुम्ही काय म्हणता?' मी म्हटलं, 'जपी जाय व माय.' तिने ते लिहिलं, घसा साफ केला आणि बातम्या सांगतात तसं म्हणाली, 'जपी. जाय. व. माय.' गुड्डी हसली. आवाज करून हसली. तसली हसणारी माझी पोर मी चार-पाच महिन्यांत पाहिली नव्हती. मी म्हटलं, 'ती तुम्हाला हसते आहे.' सिस्टर म्हणाली, 'हसू द्या. पुन्हा म्हणते.'

त्या दिवशी मी तिला वहीची दहा पानं भरतील इतकं सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही.

गुड्डी जेवायला तोंड उघडायची नाही. चमचा ओठाला लावा, गाल चोळा, काही करा, दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घ्यायची. दोन वर्षांपूर्वी कधीतरी वाटी उचलताना माझी बांगडी वाटीच्या काठाला लागली, टिण् करून आवाज झाला आणि तिने तोंड उघडलं. मी पुन्हा वाजवली, तिने पुन्हा उघडलं. तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. तीनदा बांगडी वाजवायची, 'खाई ले व माय' म्हणायचं, आणि घास. सासूबाईंनी करून पाहिलं, मोठीने करून पाहिलं, त्यांच्या हातून गुड्डी घ्यायची नाही. माझ्या बांगडीचा आवाज तिला ओळखू यायचा. निदान मला तसं वाटायचं, आणि त्यावर मी जगत होते म्हटलं तरी चालेल.

संध्याकाळी सिस्टरने विचारलं, 'भरवण्याचं झालं. आणखी काही?' मी तिच्या उघड्या हातांकडे पाहिलं. मनात म्हटलं, हिच्याकडे बांगडीच नाही, सांगून उपयोग काय. म्हटलं, 'नाही, एवढंच.' आणि घरची स्टीलची वाटी तिच्या हातात देऊन निघाले.

पाच दिवसांसाठी मी मोठीला घेऊन माहेरी गेले, कोरीटला. पहिला दिवस नुसती झोपले. आईने दोनदा नाकाशी हात धरून पाहिलं म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरचा फोन आला. 'गुड्डी जेवत नाही. तोंड उघडत नाही. औषध आणि पाणी मी थेंबाथेंबाने देत आहे, काळजी नसावी. तथापि विचारते, काही सांगायचं राहिलं का?'

मला आनंद झाला. आज हे सांगताना जीभ अडखळते, पण झाला. वाटलं, कळलं ना आता, आई म्हणजे काय ते. पोर तिकडे उपाशी होती आणि मी इकडे ओसरीवर बसून खूश झाले होते. मी म्हटलं, 'नाही, काही राहिलं नाही.'

ती म्हणाली, 'बरं. तुम्ही झोपा.' आणि फोन ठेवला.

मग मी वाट बघत बसले. आता फोन येईल, बाई या, तुमच्याशिवाय चालत नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. तो न आलेला फोन मला जास्त छळायला लागला. जेवली असेल का? कशी जेवली असेल? उपाशी असेल तर मी राक्षसीण, आणि जेवली असेल तर मी कोण? चौथ्या दिवशी सकाळी कोणाला न सांगता मी नंदुरबारची गाडी पकडली.

ओट्यावर ऊन आलं होतं. सिस्टर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर गुड्डी तिरकी, मी शिकवलं होतं तश्शी. हातात आमची वाटी. गुड्डीच्या हनुवटीवर दादर ज्वारीच्या पेजेचा ओघळ आला होता आणि तोंड उघडं होतं. सिस्टर स्वतः तोंडाचा मोठा आ करून बसली होती, डोळे मिटून, माशी गेली असती आत. गुड्डी तिच्याकडे बघत होती आणि तिचे खांदे हसून हलत होते.

सिस्टरने डोळे उघडले, मला पाहिलं. 'या. जेवते आहे.'

मी म्हटलं, 'माझी पोर द्या.'

'घास तोंडात आहे. गिळू द्या, मग घ्या.'

तेवढंही मला सहन झालं नाही, पण थांबले. गुड्डीने गिळलं. मग मी तिला उचललं, पिशवी भरली, मशीन घेतलं. सिस्टरने अडवलं नाही. वही माझ्यापुढे धरली, 'तुमची आहे, पाहिजे तर न्या.' मी घेतली नाही. रिक्षात बसेपर्यंत ती दारात उभी होती आणि रिक्षावाल्याच्या हातावर तिने चार फुटाणे ठेवले.

घरी आल्यावर मी वाटी घेतली, बांगडी वाजवली. गुड्डीने लगेच तोंड उघडलं. मी रडले. सासूबाईंना वाटलं पोरीचे तिथे हाल झाले म्हणून रडते, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलं.

चार महिने मी त्या घराचं नाव काढलं नाही. मग मिरचीचा हंगाम आला. नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळत घातली की वाऱ्यावर तिखट येतं, आपल्याला नुसती शिंक, पण गुड्डीची छाती भरून यायची. त्या धांदलीत तिला उचलताना माझी कंबर धरली. अशी धरली की मोरीपर्यंत भिंत धरून जावं लागे. आमच्या ह्यांनी मला न विचारता फोन केला असणार, कारण तिसऱ्या दिवशी सकाळी रनाळ्याच्या स्टँडवर उतरून, शर्ट घातलेली, डोक्यावर छत्री धरलेली ती बाई आमच्या दारात उभी.

सासूबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. हात पाहिले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. पण पाहुण्याला उभं ठेवायची आमच्यात रीत नाही. 'बठा बाई, भाकर खाई ल्या,' म्हणाल्या. तिने बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी खाल्ल्या, ठेचा मागून घेतला आणि म्हणाली, 'मीठ कमी आहे.' सासूबाईंच्या हातच्या ठेच्याला आजवर कोणी असं म्हटलं नव्हतं. दोघींचं अर्धा तास त्यावर चाललं. जाताना सासूबाईंनीच गुड्डीचे कपडे पिशवीत भरून दिले.

त्यानंतर गुड्डी दर दोन महिन्यांनी तिथे जायची, आणि मी दर वेळी जळायची. एकदा ती दोन घट्ट वेण्या घालून, लाल रिबिनी बांधून परत आली. दिसत होती गोड. मी घरी आल्याबरोबर त्या सोडल्या आणि माझ्या पद्धतीने एक सैल वेणी घातली. एकदा तिचे गाल भरलेले दिसले, तर मी ह्यांना म्हटलं, 'सुजली आहे.' हे तिथे गेले की ओट्यावर बसून सिस्टरशी बोलायचे. आमचे हे, जे घरात दिवसाला वीस शब्द बोलतात. काय बोलता विचारलं तर म्हणायचे, 'काही नही, बकरीनं.' मोठीसुद्धा गणित अडलं की तिला फोन लावायची. माझ्या घरातलं एकेक माणूस ती फुटाणे देऊन घेऊन चालली होती.

आणि तिच्या त्या चिठ्ठ्या. मूल ठेवून निघालं की ती आईच्या हातात औषधासारखी चिठ्ठी द्यायची. पहिली मिळाली ती अशी: 'सात तास झोप, रोज. नवऱ्याशी एक भांडण, राहिलेलं. मोठ्या मुलीबरोबर बाजार, गुड्डीचा विषय न काढता.' मी चिठ्ठी फाडली. पण कोणी सांगितलं म्हणून नाही, अशीच, मोठीला घेऊन बाजारात गेले. दोघींनी दाबेली खाल्ली. तिने मला वर्गातल्या सगळ्या मुलींची भांडणं सांगितली, मग तिचं स्वतःचं सांगितलं, मग गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तेरा वर्षांची पोर, तिचं डोकं किती जड झालं होतं ते मला माहीतच नव्हतं. भांडणही झालं, त्याच आठवड्यात. हे बोलले, मी बोलले, दोघं रडलो. मग बरं वाटलं. चिठ्ठी चिकटवून ठेवायला हवी होती असं वाटलं, पण ती चुलीत गेली होती.

तिला स्वतःचं मूल होतं आणि ते वारलं असणार, असं आम्ही सगळ्या आयांनी आपसात ठरवून टाकलं होतं. त्याशिवाय कोणी असं आयुष्य घालवतं का? एकदा मी विचारलंच. ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, 'नाही. मला मूल झालं नाही. लग्नही फार टिकलं नाही.' मी म्हटलं, 'मग हे सगळं कशासाठी?' तिने शेंग उचलून मला दाखवली, 'ही कोवळी आहे, कृपया वेगळी ठेवा.' बस्स, एवढंच उत्तर. बांगड्यांचंही विचारलं होतं. म्हणाली, 'हात धुवायला बरं पडतं.'

दुसऱ्या वर्षीच्या होळीनंतर गुड्डी घसरत गेली. डॉक्टर घरी आले, सिस्टर बरोबर होती. डॉक्टरांनी दुखू नये म्हणून औषध दिलं, ते किती आणि कधी, हे सिस्टरने मला शिकवलं. या वेळी मी विद्यार्थिनी होते. वहीत मी लिहिलं. तिने ओसरीवर सगळ्यांना बसवून, मोठीसकट, सरळ सांगितलं की आता काय होईल, श्वास कसा बदलेल आणि तेव्हा काय करायचं, काय करायचं नाही. सासूबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. एवढं साधं कोणी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. शेवटचे सहा दिवस ती आमच्याकडेच राहिली, सासूबाईंच्या खोलीत.

चौथ्या दिवशी दुपारी मी पेज गाळून आणली. गुड्डीने दोन दिवस काही घेतलं नव्हतं. सिस्टर तिच्या उशाशी होती. मला वाटी घेऊन येताना पाहिलं आणि ती उठली. खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि एक गोधडी उलगडून घडी घालायला लागली. घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मी वाटीला बांगडी लावली, तीनदा. 'खाई ले व माय.' गुड्डीने डोळे उघडले नाहीत, पण ओठ उघडले. थोडेसेच. मी चमच्याच्या टोकाने थेंब सोडला, तो तिने गिळला. माझ्या हातचं तिने घेतलेलं ते शेवटचं. त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी ती गेली, माझ्या मांडीवर, तिचे पाय मोठीच्या हातात.

दिवसकार्य झाल्यावर मी मशीन त्या घराला द्यायला गेले. आम्हाला आता ते नको होतं, तिथे दुसऱ्या कोणाला लागलं असतं. सिस्टर ओट्यावर बसली होती. मी मशीन ठेवलं आणि उभ्याउभ्याच बोलून मोकळी झाले. म्हटलं, 'पहिल्या वेळी तुम्ही फोन केला होता. काही राहिलं का विचारलं होतं. मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. वाटीला बांगडी लावली की ती जेवायची. मी मुद्दाम नाही सांगितलं. ती माझ्यामुळे उपाशी राहिली.'

ती म्हणाली, 'मला माहीत होतं.'

मी खालीच बसले.

'तुमच्या वाटीच्या काठाला एकाच जागी बारीक ओरखडे होते. तेव्हा लक्षात आलं नाही. मी तुम्हाला फोन करून ठेवला आणि थोड्या वेळाने शेजारच्या खोलीतल्या मुलाची आई नळावर भांडी घासायला बसली. तिची बांगडी भांड्याला लागली. गुड्डीने चटकन तोंड उघडलं. आणि दाराकडे पाहिलं.'

'मग?'

'मग बराच वेळ दाराकडेच पाहत होती.'

मी विचारलं, 'मग तुम्ही बांगडी आणून का नाही भरवलं? बाजारात दहा मिनिटांत मिळाली असती. पटकन जेवली असती ती.'

'जेवली असती,' ती म्हणाली. 'पण प्रत्येक घासाला दाराकडे पाहत जेवली असती. त्या आवाजाला तुम्ही येता. मी तो आवाज केला असता आणि तुम्ही आला नसतात, तर ती मुलीची फसवणूक झाली असती.' तिने खिशात हात घालून फुटाणे काढले, माझ्या हातावर ठेवले. 'माझ्या पद्धतीने एका वाटीला दीड तास लागायचा. तेवढा वेळ होता माझ्याकडे.'

दोन वर्षं मी त्या बाईवर जळत होते. आणि दोन वर्षं ती दर वाटीला दीड तास बसत होती, माझी जागा मोकळी राहावी म्हणून.

आता ती काठीकडे परत गेली आहे, भावाच्या घरी. गुडघे गेले म्हणून. तिथे फोन लागतो तेव्हा लागतो. लागला की आधी विचारते, 'बकरी येते का?' मी मंगळवारी आणि शुक्रवारी विसाव्याच्या घरात मदतीला जाते. तिथली जुनी मुलं अजून मला बघून आधी माझ्या मागे बघतात, शर्टवाली आली का म्हणून. मला अजून राग येतो. सवय जात नाही.

मागच्या आठवड्यात एक आई आली, शहाद्याकडची. तिने मला मुलाचं सगळं शिकवलं, मी वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी विचारलं, 'आणखी काही?' तिने माझ्या हातांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. म्हणाली, 'नही, बस इतलंच.' मला कळलं. मी वही मिटली आणि तिला म्हटलं, झोप जाऊन.

सणाला बांगड्या भरताना कासारीण विचारते, एवढ्या सैल कशाला वहिनी, गळून पडतील. मी तिला काही सांगत नाही. विसाव्याच्या घराच्या दाराला आतून एक खिळा आहे. आत गेले की हाताला साबण लावायच्या आधी मी दोन्ही हातांतल्या बांगड्या काढून त्याला अडकवते, आवाज होऊ नये म्हणून एकेक करून. मग शहाद्याच्या त्या पोराला मांडीवर तिरकं घेते, स्वतःच तोंडाचा आ करते आणि डोळे मिटून बसते. त्याला दीड तास लागतो.